गिळलेला राग थेरपीत बोलता करताना

थेरपी शिकणाऱ्यांच्या गटात दाबलेल्या रागाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास उशीचं नाव काढतं. पेशंटच्या हातात उशी द्या, बडवू द्या, ओरडू द्या, मन मोकळं होईल. कल्पना जुनी आहे. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरियाच्या (शारीरिक कारण न सापडणाऱ्या लक्षणांच्या) पेशंट्सवरून असं मांडलं की अडकलेली भावना पुन्हा अनुभवली आणि तिला शब्द मिळाले की लक्षणं सुटतात. पुढे १९७०च्या सुमारास आर्थर जानोव्ह यांच्या प्रायमल थेरपीत किंकाळीलाच उपचाराचा मान मिळाला. या प्रवासात 'शब्द मिळाले की' हा भाग कुठेतरी गळून पडला आणि बडवणं तेवढं मागे राहिलं.

मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर याची सरळ परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना आधी अपमानास्पद शेरे देऊन चिडवलं. मग काहींनी अपमान करणाऱ्याला डोळ्यांपुढे आणून पंचिंग बॅगला ठोसे मारले, काहींनी व्यायाम म्हणून मारले, काही नुसते बसून राहिले. त्या माणसाला आठवत ठोसे मारणारे सगळ्यांत जास्त चिडलेले निघाले, आणि नंतरची आक्रमकता सगळ्यांत कमी होती ती नुसत्या बसून राहिलेल्यांची. २०२४ साली १५४ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हाही हेच दिसलं: श्वसन, शिथिलीकरण, ध्यान यांसारख्या शरीराची उत्तेजना उतरवणाऱ्या गोष्टींनी राग कमी होतो. उत्तेजना चढवणाऱ्या गोष्टींनी तो एकूणात कमी होत नाही, आणि धावण्याने तर वाढण्याकडेच कल दिसला. मन म्हणजे कुकर, राग म्हणजे वाफ, शिट्टी झाली की दाब उतरला, हे चित्र डोक्यातून काढून टाकलेलंच बरं.

पण म्हणून राग गिळत राहण्याचीही किंमत मोजावीच लागते. ग्रॉस आणि लेव्हन्सन यांच्या १९९७ सालच्या प्रयोगात लोकांना सिनेमाचे तुकडे दाखवताना चेहऱ्यावर काही येऊ देऊ नका असं सांगितलं होतं. वाईट वाटायचं ते वाटलंच, वर हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढला. मूग गिळून गप्प बसणाऱ्याचं शरीर काही गप्प बसत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते थेरपीतलं यश आवाजाच्या पट्टीवर मोजू नये. राग कुणावर आहे, नेमका कशाबद्दल आहे आणि तेव्हा काय मिळायला हवं होतं, हे पेशंटला भानावर राहून, स्वतःच्या तोंडाने, पूर्ण वाक्यात म्हणता आलं की काम झालं. ते कुजबुजत म्हटलं तरी चालतं. पुढचं सगळं त्या वाक्यापर्यंत कसं पोचायचं याबद्दल आहे. हे प्रशिक्षित थेरपिस्ट आणि समुपदेशकांसाठी लिहिलं आहे. पेशंट किंवा घरचं कुणी वाचत असेल तर समजून घ्यायला जरूर वाचा, पण पुढे येणारा रिकाम्या खुर्चीचा प्रयोग (खुर्चीत तो माणूस बसलाय असं समजून त्याच्याशी बोलायचं) घरी एकमेकांवर करू नका.

आधी खात्री करा: राग दाबलेलाच आहे ना?

चिडचिड दिसली की तिच्यामागे बालपण शोधायची आपल्याला घाई असते. त्याआधी साध्या गोष्टी तपासा. मेनियात (मन आणि शरीर अतिउत्तेजित होतं त्या आजारात) माणूस चिडका होतो आणि त्यामागे साचलेलं काही असेलच असं नाही. थायरॉइड वाढलेला असू शकतो. स्टेरॉइड चालू असतील, किंवा फिट्सवरचं लेव्हेटिरासेटॅम चालू असेल, तर चिडचिड औषधाची असू शकते. अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरच्या) औषधांनी काही जणांना अकॅथिसिया होतो. पाय थांबत नाहीत, बसवत नाही, आतून नुसती तगमग होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती राग भरलाय याच्यात! अशा पेशंटला रागावर बोलतं करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. औषध कधी सुरू झालं, डोस कधी बदलला आणि तगमग कधीपासून आहे, या तीन तारखा शेजारी शेजारी लिहा आणि मनोविकारतज्ज्ञांना फोन करा.

नैराश्यातली गोष्ट थोडी वेगळी आहे. नैराश्याच्या पेशंट्सपैकी साधारण एकतृतीयांश लोकांना रागाचे झटके येतात: अचानक संताप, धडधड, घाम, आणि नंतर अपराधीपणा. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हे फ्रॉइड यांचं १९१७ सालचं मांडणं सगळ्यांना लागू पडत नाही. त्यामुळे प्रत्येक उदास माणसात राग खणत बसू नका. काहींचं दुःख हे निव्वळ दुःख असतं.

मोजमाप हवं असेल तर स्पीलबर्गर यांची ५७ प्रश्नांची स्टॅक्सी-२ ही प्रश्नावली उपयोगी आहे. राग बाहेर काढणं, आत ठेवणं आणि आवरणं हे कप्पे ती वेगवेगळे दाखवते. आत ठेवण्याचा गुण जास्त आणि बाहेर काढण्याचा कमी, तो आपला पेशंट. दोन्ही जास्त असतील तर आधी राग आवरायची कौशल्यं शिकवायची. खोदकाम नंतर.

आणि काहींच्या बाबतीत आत्ता नको हेच उत्तर असतं. मेनिया चढलेला आहे, भास-भ्रम जोरात आहेत (विशेषतः कुणाला तरी मारायचा हुकूम देणारे आवाज), दारू किंवा नशा चालू आहे, किंवा नुकताच आत्महत्येचा प्रयत्न झालाय, तर हे काम पुढे ढकला. आत्महत्येबद्दल विचारायला संकोचू नका. दाबलेला राग हलायला लागला की तो आधी ओळखीच्या वाटेने जातो, आणि ही वाट बहुतेकदा स्वतःच्याच अंगावर येणारी असते.

एका गोष्टीवर मला जास्त जोर द्यायचा आहे. पेशंट आजही मारहाण करणाऱ्या माणसाबरोबर राहत असेल, तर तिचं गप्प राहणं हे लक्षण नसून जीव वाचवायची युक्ती असू शकते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करणाऱ्या माणसाला सेशनमध्ये हिंमत देऊन त्याच घरी परत पाठवणं धोक्याचं आहे. तिथे आधी सुरक्षिततेचा आराखडा: कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, कागदपत्रं कुठे ठेवायची. राग नंतर.

राग कुठे लपतो

दाबलेला राग क्वचितच राग म्हणून समोर येतो. भयंकर गोष्ट सांगताना येणारं हसू, 'चालायचंच', 'त्यांचाही नाइलाज असेल', 'मी काही मनावर घेत नाही', अशी वाक्यं. ठरावीक नातेवाइकाकडे जाऊन आल्यावर दुखणारं डोकं. दर वेळी दहा मिनिटं उशीर. गोड शब्दांतले टोमणे. आणि रडू. रागाच्या जागी रडू येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण घरात रडायची परवानगी होती, चिडायची नव्हती. उलटही होतं, तिथे रडायची लाज आणि चिडणं मर्दानी.

लेस्ली ग्रीनबर्ग यांच्या भावनाकेंद्री थेरपीतली विभागणी इथे हाताशी ठेवण्यासारखी आहे. प्राथमिक राग म्हणजे सीमा ओलांडली गेली, अन्याय झाला, त्याला दिलेला थेट प्रतिसाद. दुय्यम राग दुसऱ्या भावनेवर पांघरूण घालतो. आत लाज किंवा भीती असते, वर आरडाओरडा. तिसरा साधन म्हणून वापरलेला, म्हणजे समोरच्याला नमवण्यासाठी. मोकळा करायचा तो पहिला. दुय्यम रागाला वाट करून दिली तर तो तासभर वाहतो आणि पेशंट होता तिथेच राहतो. ओळखायचं कसं? प्राथमिक राग नेमका असतो, 'त्या दिवशी तू हे केलंस' असा. तो बोलला की पाठ ताठ होते, श्वास खोल जातो. दुय्यम राग गोल गोल फिरतो, 'सगळे असेच', 'नेहमीचंच आहे', आणि बोलणारा आणखी दमतो.

ओसीडीच्या (मंत्रचळाच्या) पेशंटला 'मी बाळाला सुरी मारीन की काय' असे विचार येतात, त्यांना दाबलेला राग समजू नका. हे विचार त्याला नकोसे असतात, म्हणूनच तो घाबरलेला असतो. 'मनात कुठेतरी तुम्हाला बाळाचा राग आहे' असं सांगितलंत तर त्याची भीती दुप्पट कराल. तिथे एक्स्पोजर आणि रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन (भीतीला सामोरं जायचं, पण ती शमवायची कृती करायची नाही), हे नव्हे.

सुरुवातीचा करार

राग उकलायला लागण्याआधी किमान एक सेशन तयारीला द्या. करार तोंडी असला तरी स्पष्ट असावा: या खोलीत काहीही बोललेलं चालेल, पण स्वतःला, मला किंवा वस्तूंना इजा करायची नाही. गोपनीयतेची मर्यादाही आत्ताच सांगा, पेशंट रागाच्या भरात कुणाला तरी मारायची भाषा बोलल्यावर नव्हे. कॅलिफोर्नियातल्या टॅरासॉफ खटल्याच्या १९७६ सालच्या निकालाने थेरपिस्टवर धोक्यातल्या व्यक्तीच्या रक्षणाची जबाबदारी टाकली. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, आपला कोणता ते माहीत करून घ्या.

दुसरं, मोजपट्टी. वोल्पे यांची ० ते १०० ची त्रासाची पट्टी सगळ्यांना समजते. 'आत्ता किती?' हा प्रश्न सेशनभर विचारायचा आहे, म्हणून तो सरावाचा होऊ द्या. साधारण ४० ते ७० मध्ये काम होतं. ४० च्या खाली पेशंट बातमी वाचल्यासारखा बोलतो. ७० च्या वर गेला की ऐकू येणं कमी होतं, आणि ८० ला तुम्ही काय म्हणालात हे त्याला उद्या आठवणार नाही. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, प्रत्येक पेशंटचे वेगळे निघतील.

तिसरं, थांबायची खूण आणि उतरायची वाट. हात वर केला की थांबायचं, कारण विचारायचं नाही. उतरण्यासाठी दोन-तीन गोष्टी पेशंट शांत असतानाच करवून घ्या: पाय जमिनीवर घट्ट रोवणं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेणं, उच्छ्वास श्वासापेक्षा लांब करणं, जेकबसन यांच्या पद्धतीने मुठी आणि खांदे आवळून सोडणं. हे नीट जमत नसेल तर पुढे जाऊ नका. दोन सेशन गेले तर जाऊ देत.

५० मिनिटांच्या सेशनमध्ये जड काम पहिल्या अर्ध्या तासातच सुरू व्हायला हवं. शेवटची पंधरा मिनिटं उतरण्यासाठी राखीव. पेशंट नेमका पंचेचाळिसाव्या मिनिटाला दाराशी जाता जाता मोठी गोष्ट सांगतो. तेव्हा ती उघडू नका. 'हे महत्त्वाचं आहे, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू' असं म्हणा आणि वहीत लिहिताना त्याला दिसू द्या.

शरीर काय सांगतंय ते वाचा

हबीब दवानलू यांनी आपल्या अल्पकालीन गतिमान थेरपीत एक निरीक्षण नोंदवलं, ते मला कुठल्याही पद्धतीने काम करणाऱ्यासाठी सोन्यासारखं वाटतं. राग वर यायला लागला की त्याच्याबरोबर चिंताही येते, आणि ती शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी उतरते. मुठी आवळणं, खांदे ताठ होणं, मोठा उसासा टाकणं म्हणजे चिंता हातापायांच्या स्नायूंत आहे. हा हिरवा दिवा, पुढे चला. पोटात कळ, मळमळ, अर्धशिशी, एकाएकी लघवीची घाई अशी लक्षणं असतील आणि हातपाय मात्र सैल पडले असतील, तर चिंता आतल्या अवयवांत उतरली आहे. वेग कमी करा. आणि 'तुमचा चेहरा धूसर दिसतोय', 'कानात आवाज येतोय', 'काय बोलत होतो विसरलो', असं झालं की ताबडतोब थांबा. तिथे राग बोलता होत नाही, पेशंट हातातून सुटतो.

फसगत होते ती दुसऱ्या प्रकारात. मुठी सैल, आवाज शांत, चेहरा निवांत. थेरपिस्टला वाटतं, छान, पेशंट रिलॅक्स आहे. आणि सेशननंतर त्याला दिवसभर उलट्या. म्हणून अंग सैल दिसलं की पोटाबद्दल विचारायचं, नेहमी.

प्रत्यक्ष काम

सुरुवात सगळ्यांत मोठ्या जखमेपासून करू नका. गेल्या आठवड्यातला छोटा प्रसंग घ्या. खाली एक तुकडा देतो. पेशंट काल्पनिक आहे, अनेकांच्या अनुभवांवरून रचलेली. चाळिशीतली बाई, नैराश्याची औषधं चालू. वडिलांच्या लांबलेल्या आजारपणात सगळं तिने एकटीने केलं, मोठा भाऊ दुसऱ्या शहरातून सूचना देत राहिला.

'दादांनी मधेच फोन ठेवला, तेव्हा काय झालं तुमच्या मनात?'

'काही नाही. त्याचीही कामं असतात ना.' (हसते.)

'आत्ता तुम्ही हसलात. आणि बॅगेचा पट्टा आवळून धरलाय.'

'अय्या, हो. सवय आहे.'

'सोडू नका. राहू दे तसाच. त्या हाताला काय करावंसं वाटतंय?'

(बराच वेळ गप्प.) 'फोन आपटावासा.'

'कुणासमोर?'

'दादासमोर. त्याला ऐकू जाईल असा.'

इथे थेरपिस्टने 'तुम्हाला राग आलाय' असं एकदाही म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर 'नाही हो, राग कसला' असं उत्तर आलं असतं आणि पुढची दहा मिनिटं वादात गेली असती. हाताकडून सुरुवात केली की पेशंटला नाकारायला काही उरत नाही, कारण पट्टा तिच्याच मुठीत आहे. आपटायचा आवेग मनात येऊ द्यायचा, शब्दांत येऊ द्यायचा. खरंच काही आपटायची गरज नाही.

यानंतर पुढच्याच मिनिटाला अपराधीपणा येतो. अगदी ठरल्यासारखा.

'पण तो वाईट नाहीये हो. लहानपणी मला शाळेत तोच न्यायचा.'

नवखा थेरपिस्ट इथे दोन्हीकडे घसरू शकतो. एक तर भावाच्या बाजूने बोलून रागावर पाणी टाकतो, किंवा 'पण त्याने तुमच्यावर अन्यायच केला' म्हणून पेशंटला भावाची वकिली करायला लावतो. दोन्ही टाळून:

'तो तुम्हाला शाळेत न्यायचा, हे खरं. आणि बाबांच्या आजारपणात त्याने सगळं तुमच्यावर टाकलं, हेही खरं. पहिल्यासाठी दुसरं पुसायची गरज नाही.'

हे एकदा सांगून भागत नाही. आठ-दहा सेशन तरी वेगवेगळ्या शब्दांत सांगावं लागतं. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावर रागावलो तर नातं तुटेल किंवा तो माणूस कोसळेल, ही भीती बहुतेकांच्या गप्प राहण्याच्या मुळाशी असते. ही भीती बोलून घेतल्याशिवाय खुर्चीवर जाऊ नका. 'तुम्ही दादांना हे म्हणालात तर काय होईल असं वाटतं?' एवढं विचारलं की पुढच्या महिन्याभराचं काम समोर येतं.

रिकामी खुर्ची

हे तंत्र मोरेनो यांच्या सायकोड्रामा या नाट्योपचारातून आणि पर्ल्स यांच्या गेस्टाल्ट थेरपीतून आलं. जवळच्या माणसाशी राहून गेलेल्या हिशेबांवर ते उपयोगी पडतं, हे पायव्हिओ आणि ग्रीनबर्ग यांनी १९९५ साली तपासून दाखवलं. खुर्ची पेशंटच्या समोर ठेवा, पण अंतर पेशंटला ठरवू द्या. कुणी ती थेट दाराशी नेतं. नेऊ दे. तेही एक बोलणंच आहे. तुम्ही पेशंटच्या बाजूला बसा, दोघांच्या मध्ये नको.

'दादा तिथे बसलाय. कसा बसलाय? काय घातलंय?' असं विचारून माणूस नीट समोर येऊ द्या. मगच बोलणं.

सुरुवातीला तक्रार येते: 'दादा, तू नेहमी असाच वागतोस, तुला कधी कुणाची पडलेली नसते.' तक्रारीत राग आणि दुःख एकमेकांत गुंतलेले असतात, आवाज किरकिरा होतो. ते सोडवायचं काम थेरपिस्टचं. छोटी छोटी वाक्यं पुरवा: 'त्याला सांगा, मला तुझा राग आलाय.' 'कशाचा, ते सांगा. एकच गोष्ट.' 'नेहमी नको, एक दिवस घ्या.'

'मला तुझा राग आलाय. बाबांना दवाखान्यातून आणलं त्या रात्री मी तुला तीनदा फोन केला. तू सकाळी मेसेज टाकलास, की डॉक्टर बदल म्हणून.'

'परत म्हणा. डॉक्टर बदल.'

'डॉक्टर बदल! तू तिथे बसून मला सांगतोस?'

आवाज चढला तर चढू द्या. ओरडणं वाईट असं मी म्हणत नाही, ते गाठायचं ठिकाण नाही एवढंच. 'आत्ता किती?' विचारा. ६५ असेल तर आणखी एक पाऊल: 'तुम्हाला त्या रात्री त्याच्याकडून काय हवं होतं?'

'एकदा विचारायला हवं होतंस. तुला झेपतंय का, एवढंच.'

या वाक्यानंतर बहुतेकदा रडू येतं, आणि ते सुरुवातीच्या रडण्यापेक्षा वेगळं असतं. सुरुवातीचं रडू राग झाकत होतं, हे रागाच्या पलीकडून येतं. इथे बोलू नका. पाणी, टिश्यू पुढे सरकवायचीही घाई नको, पुष्कळांना त्याचा अर्थ 'आता आवरा' असा वाटतो.

पुढची पायरी म्हणून पेशंटला समोरच्या खुर्चीत बसवून भावाच्या वतीने उत्तर द्यायला सांगतात. कधी भाऊ नरमतो, कधी आणखी ताठर होतो. ताठर झाला तर पेशंटने आपल्या खुर्चीत परत येऊन 'तू मानलं नाहीस तरी माझ्या बाबतीत हे घडलं' असं म्हणणं हा पूर्ण चांगला शेवट आहे. समोरचा माणूस लैंगिक अत्याचार किंवा क्रूर मारहाण करणारा असेल तर ही अदलाबदल करूच नका. अत्याचाऱ्याच्या तोंडून बोलायला लावणं हा पेशंटवर आणखी एक घाव असतो. क्षमेची घाईही करू नका. माफ केलं पाहिजे असा उपदेश पेशंटने तुमच्याआधी खूप जणांकडून ऐकलेला असतो.

हाताबाहेर गेलं तर

पेशंट उठून उभा राहिला, येरझाऱ्या घालू लागला, श्वास उथळ झाला, तर खुर्चीचं काम तिथेच संपलं. तुमचा आवाज खाली आणा, वाक्यं तोकडी करा, त्याचं नाव घ्या. 'इथे बघा माझ्याकडे. पाय जमिनीवर. आज वार कोणता?' अंगाला हात लावू नका. तुमची खुर्ची सुरुवातीपासूनच अशी ठेवा की दाराची वाट दोघांनाही मोकळी राहील. कोंडल्यासारखं वाटणारा पेशंट जास्त धोकादायक होतो.

आता थेरपिस्टला सगळ्यांत अवघड जाणारा प्रसंग. राग तुमच्यावर निघतो. तुम्ही सुट्टी घेतली, फी वाढवली, घड्याळाकडे पाहिलंत. पेशंट म्हणतो, 'काही नाही, तुमचंही बरोबरच आहे.' तेच हसू! हे सोडून देऊ नका. 'मी न सांगता सुट्टी घेतली. तुम्ही चिडला असाल तर मला ऐकायचंय.' तो बोलला, की खुलासे देऊ नका, दुखावल्यासारखा चेहराही करू नका. ऐका, जे खरं असेल ते मान्य करा, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वेळी तिथेच बसलेले असा. समोर जिवंत माणूस बसलेला असताना राग व्यक्त केला आणि नातं तुटलं नाही, हा अनुभव दहा रिकाम्या खुर्च्या देऊ शकत नाहीत.

घरी करायचं काम

न पाठवायचं पत्र हा सोपा आणि पारखलेला मार्ग. पेनेबेकर यांनी १९८६ सालापासून लिहिण्याच्या ज्या पद्धतीचा अभ्यास केला, तिचा साचा साधा आहे: सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर न करता. दोन अटी मी घालतो. एक, कागदावरच, फोनवर नाही, कारण फोनमध्ये पाठवायचं बटण असतं. दोन, रोज शेवटचं वाक्य 'मला हवं होतं की...' असं सुरू व्हावं. नाहीतर लिहिणं म्हणजे तेच ते उगाळणं होतं, आणि उगाळल्याने राग वाढतो, हे बुशमन यांच्या प्रयोगात दिसलंच आहे. लिहिल्यानंतर त्रास चढाच राहिला आणि झोप गेली, तर लिहिणं बंद करून सेशनमध्ये आणायला सांगा.

खऱ्या माणसांशी बोलायचा सराव कमी जोखमीच्या ठिकाणी. चुकीचं बिल परत करणं, रांगेत पुढे घुसणाऱ्याला 'मी आधी आहे' म्हणणं, मैत्रिणीला 'आज नाही जमणार' म्हणणं. भावाला फोन सगळ्यांत शेवटी, आणि कदाचित कधीच नाही. तो निर्णय पेशंटचा.

सुरुवातीला हे ओबडधोबड होणार. वर्षानुवर्षं गप्प बसलेला माणूस पहिल्यांदा 'नाही' म्हणतो तेव्हा ते गरजेपेक्षा मोठ्याने निघतं. घरचे म्हणतात, थेरपीने बिघडवली. हे होणार आहे असं पेशंटला आधीच सांगून ठेवा. पेशंटची परवानगी असेल तर घरच्या एखाद्या माणसाला बोलावून तेही सांगता येतं.

आजारानुसार थोडे फरक

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाच्या (भावना आणि नाती टोकाला जाणाऱ्या) पेशंटमध्ये राग दाबला जाणं आणि उसळणं आलटून पालटून चालतं. तिथे लिनेहन यांच्या डीबीटीतली (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीतली) त्रास सोसायची कौशल्यं आधी, खुर्ची बरीच नंतर. आघातानंतरच्या तणावात राग बऱ्याचदा भीतीचा पहारेकरी असतो. तो उतरवायला गेलात तर मागची भीती एकदम अंगावर येते, म्हणून तुकडे लहान ठेवा. स्किझोफ्रेनियातून सावरलेल्या पेशंटच्या रागाला आपण फार पटकन लक्षण ठरवतो. बळजबरीने दाखल केल्याचा, औषधांनी वाढलेल्या वजनाचा, लोकांनी वेडा म्हटल्याचा राग असतो आणि तो रास्त असतो. त्याच्याशी खुर्ची वगैरे काही करू नका, कल्पनेतल्या व्यक्तीशी बोलायला लावणं भास होणाऱ्याच्या बाबतीत नको. समोरासमोर बसून साध्या शब्दांत ऐकून घ्या.

फरक पडतोय हे कशावरून

पेशंट 'राग गेला' म्हणाला तर मी फारसं धरून चालत नाही. मी वेगळं बघतो. प्रसंग घडल्यापासून राग कळेपर्यंतचा वेळ. आधी तीन आठवड्यांनी, तेही डोकेदुखीच्या वाटेने कळायचं. मग संध्याकाळपर्यंत कळतं. मग फोन ठेवता ठेवता. हा वेळ दर सेशनच्या नोंदीत लिहा, तीन-चार महिन्यांत चित्र स्पष्ट होतं. त्याबरोबर राग सांगतानाचं हसू कमी होतंय का, अपराधीपणा किती वेळ टिकतो, झोप कशी आहे, आणि स्वतःला इजा करायचे विचार कुठे आहेत, हेही.

सहा-आठ सेशन होऊनही तोच राग, त्याच शब्दांत, त्याच पट्टीत येत असेल तर थांबून सुपरव्हायजरशी बोला. बहुधा आपण दुय्यम रागावर काम करत असतो आणि खालच्या लाजेला अजून हात लागलेला नसतो. कधी कधी अडथळा आपलाच असतो. थेरपिस्टला स्वतःला मोठा आवाज सहन होत नाही, म्हणून पेशंट ६० ला पोचला की तो नेमका श्वसनाचा सराव काढतो. सेशनचं रेकॉर्डिंग पेशंटच्या लेखी संमतीने घेतलेलं असेल, तर आपण कुठल्या वाक्यानंतर विषय बदलला ते ऐकून पाहा. सुपरव्हिजनला जाताना ते वाक्य लिहून न्या.